जास्तीचा शब्द

१

“ही बोलत नाही, हे एक बरं आहे. थोरलीला गप्प करता करता नाकी नऊ आले होते.”

आवाज सासूबाईंचा होता. धाकटी सून चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या वळणावर आली होती आणि खाली ऑफिसचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. दारं अर्धवट उघडी टाकायची खोड त्या घरात सगळ्यांनाच होती. लग्नाच्या भेटींची खोकी अजून पलंगाखाली तशीच पडली होती, पण तेवढ्या दिवसांत या खोडीमुळे धाकटीला सासरची जितकी ओळख झाली होती तितकी नवऱ्याच्या गप्पांतूनही झाली नव्हती.

“बघते मात्र फार,” सासरे म्हणाले.

“बघू दे की. बघण्यानं कुणाचं काय बिघडलंय? बसवा तिला थोरलीच्या खुर्चीवर. मॅन्युअल कधीचं रखडलंय.”

धाकटीनं पुढच्या पायरीवर मुद्दाम पाय वाजवला. ती आत गेली तेव्हा दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतकी मन लावून पाहत होती, जणू आठवड्यात एखादा नवा वार निघाला होता.

“या, मौनीबाई,” सासूबाई म्हणाल्या. “साखर घातलीय ना? की तीही मनातल्या मनात?”

धाकटी हसली. या घरात आल्यापासून हसण्याचा तिनं दाराच्या कडीसारखा वापर केला होता. एकदा घातली की कुणी आत येत नसे.

थोरली म्हणजे तिची जाऊ. तिला धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं. लग्नालाही ती नव्हती. “माहेरी असते,” एवढंच उत्तर मिळे आणि ते घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून एकाच चालीत येई, पाठ केलेल्या पाढ्यासारखं. वर जाताना धाकटीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. माहेरी असलेल्या माणसाला गप्प करायची वेळ येतेच कशी?

२

वर राहायचं आणि खाली धंदा, असं ते घर होतं. धंदा कोल्ड स्टोरेजच्या दारांचा. दारं बनवणारे वेगळे होते. ती केव्हा उघडायची, केव्हा लागायची, आत माणूस असताना कुलूप पडू नये म्हणून काय करायचं, हे ठरवणारा प्रोग्राम इथे तयार होई. तो थोरल्या दिरांनी लिहिलेला होता. गिऱ्हाइकं नवरा सांभाळायचा. सासरे मालक आणि सासूबाई मालकांच्या मालक.

प्रोग्राम लिहिताना त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर माणसांसाठी दोन ओळी लिहून ठेवतात: हा तुकडा काय करतो, त्याला काय द्यायचं, तो काय परत देतो. कॉम्प्युटर त्या ओळी वाचत नाही, त्यांना ओलांडून पुढे जातो. त्यांना कॉमेंट म्हणतात. मग दुसरा एक छोटा प्रोग्राम साऱ्या फाइलींतून फिरतो, या कॉमेंट तेवढ्या वेचतो आणि नीट पानं लावून त्यांचं पुस्तक करतो. तेच मॅन्युअल. हाताने काही लिहावं लागत नाही, एक बटण दाबलं की झालं. धाकटीनं लग्नाआधीच्या नोकरीत हे काम इतक्यांदा केलं होतं की तिला ते झोपेतही जमलं असतं.

या घराची रीत मात्र वेगळी होती. फार पूर्वी एका तपासनिसानं माल परत पाठवला होता. मॅन्युअल एक सांगत होतं आणि दार दुसरंच करत होतं. तो अपमान सासऱ्यांच्या इतका जिव्हारी लागला की त्यांनी नियमच केला: दोन्ही जुळत नसतील तर प्रोग्राम चुकला, मॅन्युअल नाही. ते स्वतः प्रोग्राम कधी उघडत नसत. छापलेलं मॅन्युअल पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचत आणि थोरल्या मुलाला सांगत, “इथे असं लिहिलंय. तसं करून टाक.” आरशात डाग दिसला तर आरसा पुसायचा सोडून हे घर गाल खरवडत होतं. पण धाकटीला विचारतो कोण?

बहुतेक कॉमेंट थोरलीच्या होत्या. बेताची, स्वच्छ वाक्यं, प्रत्येकाच्या शेवटी टिंब. एवढं नेमकं लिहिणारी बाई फार बोलत असेल, यावर धाकटीचा विश्वास बसेना.

थोरलीची खुर्ची ऑफिसच्या मागच्या भिंतीला टेकून होती. भिंतीपलीकडे थंड खोली. प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी तो इथे वापरून पाहत. जाड पोलादी दार, त्यात तळहाताएवढी काच, बाहेर आकडे दाखवणारा एक छोटा पडदा. आतल्या बाजूचं हँडल केव्हाच निखळलं होतं, ते बसवायचं राहून गेलं होतं. कॉम्प्रेसर चालू असला की भिंत बारीक थरथरे आणि ती थरथर खुर्चीच्या पाठीतून धाकटीच्या मणक्यात उतरे. काही वेळानं तिला वाटायला लागे, पाठीमागे कुणीतरी ओठ मिटून गुणगुणतंय.

तिनं बटण दाबलं. पानं तयार झाली. दार उघडणे, दार लावणे, तापमान, भोंगा. सगळं ठीक. मग आतल्या माणसांच्या तपासणीचं पान आलं.

“हा तुकडा आत कोणी आहे का ते पाहतो. आहे.”

३

धाकटीनं मूळ फाइल उघडली.

“हा तुकडा आत कोणी आहे का ते पाहतो.” टिंब. पुढे काही नाही.

ती घाबरली नाही. असं होतं. जुनी पानं पुसली गेली नाहीत की नव्यात डोकावतात. तिनं सगळी पानं पुसली आणि बटण पुन्हा दाबलं. “पाहतो. आहे.” तिनं तो शब्द साऱ्या फाइलींत शोधला. तो ठिकठिकाणी होता, पण वाक्याच्या पोटात, चारचौघांत. असा एकटा कुठेच नव्हता. मग तिनं फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली, तो उचलून वर झोपायच्या खोलीत नेला आणि तिथे पान तयार केलं. वाक्य मुकाट्यानं टिंबापाशी थांबलं.

लॅपटॉप खाली आणला. खुर्चीवर बसून तेच बटण दाबलं.

“आहे.”

‘म्हणजे दोष जागेचा,’ असं मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. शिकलेल्या बाईनं हे म्हणायचं? वायरी असतील, नेटवर्क असेल, काहीतरी असेलच. तिनं नवऱ्याला हाक मारली.

“अहो, जरा बघता का? एक शब्द जास्त येतोय.”

“मग खोड ना.” तो मोबाइलमधून डोकं वर न काढता आला.

“कुठून खोडू? मूळ फाइलीत तो नाहीच.”

नवरा वाकला. वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या आणि मग पांढऱ्या पडल्या. लग्नाच्या बैठकीत ‘वहिनी माहेरी असते’ म्हणतानाही त्या अशाच झाल्या होत्या. तेव्हा तिला ते लाजणं वाटलं होतं.

“जुनं काहीतरी राहिलं असेल,” तो म्हणाला. “वहिनी काय काय करून ठेवायची.”

“त्यांनाच फोन करून विचारू?”

“नको.” हे फार लवकर आलं. मग सावकाश, “तिकडे फोन लागत नाही गं. तू सोड ना. आणि बाबांना दाखवू नकोस.”

पण छपाईची आज्ञा धाकटीनं आधीच दिली होती. पलीकडच्या टेबलाजवळ प्रिंटर पानं ओकत होता आणि सासरे पेन्सिलीला टोक करत होते.

४

“आहे,” सासऱ्यांनी मोठ्यानं वाचलं. “कोण आहे?”

कुणी हसलं नाही. खरं तर हसण्यासारखंच होतं. धाकटीनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. सासूबाई मान खाली घालून एक पाकीट पुन्हा पुन्हा चिकटवत होत्या. थोरले दीर कानांवर हेडफोन लावून बसले होते. ते दिवसभर तसेच बसत, पण त्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. धाकटीनं हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं होतं.

“चालू करा यंत्र,” सासरे म्हणाले. “बघूच.”

थंड खोलीच्या छताला एक यंत्र होतं. आतल्या माणसाला हलता येत नसलं, तो बेशुद्ध पडला असला, तरी श्वासानं त्याची छाती जेवढी वरखाली होते तेवढीही हालचाल ते टिपायचं. माणसं मोजायचं आणि आकडा बाहेर पडद्यावर द्यायचं. आकडा शून्य झाल्याशिवाय कुलूप पडत नसे.

खोलीतला दिवा लागला. काचेतून सगळी खोली दिसत होती. रिकामे रॅक, पत्र्याच्या भिंती, खाली जाळीची फरशी.

पडद्यावर एक होता.

“पंखा हलतोय त्याचं असेल,” नवरा म्हणाला. पंखा बंद केला. एक. “यंत्रच बिघडलं असेल.” दुसरं आणून लावलं. ते लावून नवरा आतच उभा होता तेव्हा दोन झाले, बाहेर आला तेव्हा पुन्हा एक. शेवटी कॉम्प्रेसरही बंद केला. दिवसभराची ती थरथर थांबली आणि ऑफिसात एकदम इतकं शांत झालं की सासऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

एक.

“आता रडताय कशाला?” सासरे म्हणाले. आवाजात जिंकल्यासारखं काहीतरी होतं. “मॅन्युअल म्हणतंय आहे. यंत्र म्हणतंय आहे. जुळतंय की.”

“पण बाबा, असं असेल तर दार लागणारच नाही. गिऱ्हाईक चार-आठ दिवसांत बघायला येईल,” नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी पेन्सिलीनं त्या पानावर एक बारीक आडवी रेघ ओढली.

“मग एक वजा करा,” ते म्हणाले. “जी आहे ती धरायची नाही.”

धाकटीच्या हातातला कप बशीवर वाजला. तेवढ्या आवाजानंही तिघांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“काय झालं, मौनीबाई?” सासूबाईंनी विचारलं. “काही म्हणायचंय का?”

‘जी,’ ती मनात म्हणाली. ‘मॅन्युअलमध्ये तर नुसतं कोणी लिहिलंय.’

ती हसली आणि कप उचलून वर गेली.

५

“एकातून एक गेला की शून्य,” वरच्या खोलीत ती नवऱ्याला म्हणाली. उशीचे अभ्रे बदलताना बोललं की भांडण वाटत नाही, म्हणून ती अभ्रे बदलत होती. “आत एकटाच माणूस असेल तर यंत्राला तो दिसणार नाही. दार त्याच्यावर लागेल.”

“पण मूळ आकडाच एकानं जास्त येतोय ना? माणूस गेला की दोन होणार. दोनातून एक गेला, राहिला एक. दार थांबेल.”

“इथे जास्त येतोय. गिऱ्हाइकाच्या गोदामात कशावरून येईल?”

नवऱ्यानं एक उशी उचलून अभ्र्यात कोंबली.

“गोदामात एकट्यानं जायचंच नाही असा नियम असतो,” तो म्हणाला. “आणि हे बघ, तू आत्ताच आलीयेस. बाबांनी सांगितलेलं बाबांना उलटून सांगायची पद्धत नाही आपल्यात. वहिनीनं हेच केलं.”

“काय केलं?”

“झोप आता.”

बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

तिनं नवऱ्याशी तो विषय तिथेच सोडला. ‘एक वजा’ प्रोग्राममध्ये गेला. पडद्यावर वर मोठ्या अक्षरांत शून्य दिसायला लागलं. खाली कोपऱ्यात, फक्त काम करणाऱ्यांच्या सोयीचा, यंत्रानं मोजलेला मूळ आकडा बारीक अक्षरांत राहिला. तो एकच होता. दार आता न कुरकुरता लागे.

तिनं थोरल्या दिरांना एकटं गाठलं. ते प्रिंटरमध्ये कागद भरत होते. तिनं वायर न जोडलेल्या हेडफोनकडे बोट दाखवलं. त्यांनी ते काढले.

“दादा, जाऊबाई कधी येणार आहेत?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं भलत्याच भाषेत काही विचारलं असावं, तसं.

“कुठून?” ते म्हणाले.

मग कागद नीट ठोकून सारखे केले आणि हेडफोन परत चढवले.

६

दुपारी सगळे वर जेवायला गेले की ऑफिसात धाकटी एकटी असे. तिचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर. या पद्धतीचा तिला राग यायचा, पण त्या दिवशी तिला तो एकांत हवाच होता.

ती थंड खोलीच्या दाराशी गेली. ऑफिसात गरम होत होतं, खिडकीवर ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी पुन्हा पुन्हा चालू करायचा प्रयत्न करत होतं. इतकी साधी दुपार. ती काचेला नाक लावून उभी राहिली.

रॅक. जाळीची फरशी. कोपऱ्यात दुमडलेलं एक खोकं. कुणी नाही.

मग काचेवर वाफेचं एक पुसट वर्तुळ उमटलं.

‘माझाच श्वास,’ तिनं स्वतःला सांगितलं. आतली बाजू थंड, बाहेरची गरम, वाफ बाहेर धरणार, शाळेतल्या पोरालाही कळेल. तिनं बोटानं काच पुसली. बोट कोरडं आलं. वर्तुळ तसंच होतं.

ते पलीकडच्या बाजूला होतं.

धाकटीनं श्वास रोखला. रस्त्यावरची गाडी एकदाची चालू झाली आणि निघून गेली. वर्तुळ आकसत आकसत नाहीसं झालं. ‘संपलं,’ असं तिच्या मनात येतंय न येतंय तोच ते पुन्हा उमटलं, सावकाश, कडेपर्यंत भरून. आणि पुन्हा आकसलं. तिच्या तोंडाच्या बरोबर समोर. तिच्याएवढ्याच उंचीवर.

श्वास सोडताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. ती मागे सरली आणि कुणाच्या तरी अंगावर आदळली.

“काय बघता?” सासूबाई मागे उभ्या होत्या. हातात तिच्यासाठी झाकून आणलेलं ताट होतं. आजवर त्यांनी तिला ताट कधी आणून दिलं नव्हतं.

धाकटीनं मान हलवली. काही नाही.

“तेच बरं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, पदराच्या टोकानं ती काच बाहेरून स्वच्छ पुसली, एकदा, दोनदा, आणि वर निघून गेल्या.

७

गिऱ्हाईक उद्या येणार होतं, म्हणून आज सकाळी मॅन्युअलची शेवटची प्रत काढायची होती. धाकटीनं बटण दाबलं आणि थेट त्याच पानावर गेली. ते पान टाळायचा प्रयत्न तिनं केव्हाच सोडून दिला होता.

पानावर एक नवा भाग आला होता. अवघड तुकड्याखाली वाचणाऱ्याला समजावं म्हणून उदाहरण देतात, तसा.

“उदाहरण: सूनबाई आत जातात. संख्या शून्य होते. दार बंद होते.”

तिला वाटलं, तोच जास्तीचा शब्द आता लांब होत चाललाय. असं वाटणं किती सोयीचं होतं ते तिला नंतर कळलं. सवयीनं तिनं मूळ फाइल उघडली. तिथे नेहमीसारखं काहीच नसणार, या खात्रीनं.

ते तिथे होतं.

तीच तीन वाक्यं. फाइलीत. कुणीतरी बसून, बोटांनी, एकेक अक्षर दाबून लिहिलेली. त्या घरात सगळे एकाच नावानं कॉम्प्युटर उघडत, त्यामुळे कुणी लिहिली ते कळायला मार्ग नव्हता. आदल्या दुपारी, ती वर भांडी आवरत होती तेव्हा, फाइल बदलली होती. तेव्हा खाली ऑफिसात चौघंही होती.

इतके दिवस जे फाइलीत नव्हतं त्याची तिला भीती वाटत आली होती. आता जे फाइलीत होतं ते त्याहून भयंकर होतं. वायरी नाहीत, नेटवर्क नाही, जागाही नाही. माणसं. ज्यांच्याबरोबर ती सकाळी चहा प्यायली होती ती.

तिनं मॅन्युअलच्या पानाकडे पुन्हा पाहिलं. उदाहरणाच्या खाली आणखी एक ओळ होती. ही फाइलीत नव्हती. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, शोधून पाहिलं. नव्हतीच. बेताचं, स्वच्छ वाक्य, शेवटी टिंब.

“त्यांना माहीत आहे.”

पाठीमागे भिंत गुणगुणत होती. धाकटीनं खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पहिल्यांदाच, मुद्दाम, पाठ त्या भिंतीला पूर्ण टेकवली.

८

“उद्या फजिती नको,” सासरे म्हणाले. “आज एकदा करून बघू.”

चौघं थंड खोलीसमोर उभी होती. रांगेत, फोटो काढायचा असल्यासारखी. धाकटीला दाराशी बोलावलं होतं. ऑफिसचं बाहेरचं दार आज अर्धवट उघडं नव्हतं. पूर्ण लावलेलं होतं.

सासऱ्यांनी मॅन्युअल उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा आवाजात वाचलं, “‘सूनबाई आत जातात. संख्या शून्य होते. दार बंद होते.’ चला.”

“बाबा,” नवरा म्हणाला, “माणूस आत असताना दार बंद…”

“मॅन्युअलमध्ये काय आहे?”

नवरा स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं वर बघावं म्हणून तिनं जितकी वाट बघितली तितकी लग्नाच्या दिवशीही बघितली नव्हती. त्यानं वर बघितलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या होत्या.

“जा गं,” सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या तिला अहोजाहो करत नव्हत्या. “आत जायचं, उभं राहायचं. बोलायचं तर काही नाहीच. तुला काय अवघड आहे?”

थोरल्या दिरांनी बटण दाबलं. पोलादी दार आपल्या वजनानं सावकाश उघडलं. गारवा जाळीच्या फरशीवरून वाहत आला, धाकटीच्या पावलांवरून गेला. आत दिवा होता, रॅक होते, दुमडलेलं खोकं होतं. तिनं पडद्याकडे पाहिलं. वर शून्य. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, एक.

‘मी आत गेले तर दोन,’ तिनं स्वतःला सांगितलं. ‘दोनातून एक गेला, राहिला एक. दार थांबेल.’ नवऱ्याचंच गणित. ते बरोबर होतं. आत जी होती ती आत आहे तोवर बरोबर होतं. धाकटीनं एक पाय उचलला.

तिच्या डाव्या दंडाला काहीतरी लागून गेलं. वारा नव्हता. वारा असा बाजूनं वाट काढत, अंग चोरून जात नाही. अरुंद दारात समोरासमोर आलेल्या दोन बायका एकमेकींना जशी वाट देतात, तसं ते गेलं.

कोपऱ्यातला बारीक एक गेला. तिथे शून्य आलं.

धाकटीचा पाय हवेतच राहिला. आता आत गेलं की एक. एकातून एक गेला की काय उरतं, ते तिला मोजावं लागलं नाही. तिनं पाय मागे घेतला आणि वळली.

चौघं तशीच रांगेत होती. ऑफिसात उकडत होतं, सासऱ्यांच्या कपाळावर घाम होता. आणि सासूबाईंच्या कानाजवळ, जिथे कुणाचंच तोंड नव्हतं, तिथे हिवाळ्यात निघते तशी वाफ निघाली. विरली. पुन्हा निघाली. सासूबाईंनी कान चोळला, माशी हाकलावी तसा. वाफ सासऱ्यांच्या मानेमागे गेली. त्यांच्या हातातल्या मॅन्युअलची पानं कडक झाल्यासारखी वाजली. मग ती थोरल्या दिरांपाशी गेली आणि तिथे थांबली.

थोरल्या दिरांनी हेडफोन काढले. त्यांनी वळून पाहिलं नाही. डोळे घट्ट मिटून घेतले आणि ते कुणाचं तरी बोलणं ऐकायला लागले. हळूहळू त्यांची हनुवटी लहान मुलासारखी थरथरायला लागली.

“काय चाललंय तुमचं?” सासरे खेकसले. “सूनबाई! आत!”

धाकटी दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. धातू इतका गार होता की बोटं चिकटली. तिनं ती सोडवली. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, सावकाश, जितकं पाहायचं होतं तितकं. या घरात आल्यापासून तिनं आवाज कधी चढवला नव्हता. आताही चढवला नाही. पण प्रत्येक शब्द ऐकू जाईल, इतका तो स्पष्ट होता.

“जाऊबाई बाहेर आल्या आहेत. आता आत कोण जाणार, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा.”